नंबर लिहून ठेवा, कागद मिळतो

पोलीस ठाण्यातल्या आणि कोर्टातल्या नकला: शेतकऱ्यांसाठी थोडी माहिती

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपले वाडवडील सांगून गेले. सल्ला खोटा नाही. हातभर बांधासाठी दोन-दोन पिढ्या तारखा करणारी घरे माणदेशात गावोगाव आहेत. पण या म्हणीचा आपण भलताच अर्थ घेतला. ठाण्याशी आणि कोर्टाशी संबंध नको, म्हणून तिथे पडलेला स्वतःच्या हक्काचा कागदही आपण मागत नाही. पुढे दोन वर्षांनी त्याच कागदावाचून काम अडते, आणि मग "सरकारी काम आणि सहा महिने थांब" म्हणून आपण मोकळे होतो.

मी वकील नव्हे, शेतीच्या विस्ताराचे काम करणारा माणूस. ज्वारी-बाजरीचे बियाणे, डाळिंबावरचा तेल्या, ठिबकचे अनुदान हा आमचा रोजचा विषय. तरीही आज पंचनामे आणि नकलांबद्दल लिहीत आहे. कारण शेतकऱ्याच्या अपघाताचे सानुग्रह अनुदान कृषी खात्यामार्फत मिळते, आणि ही प्रकरणे सातबाऱ्यासाठी जेवढी अडत नाहीत तेवढी पोलिसांच्या कागदांसाठी अडतात, असा आमचा अनुभव आहे.

दोन घरे, दोन अपघात

तालुक्याच्या पूर्व भागातली ही दोन घरे. गावांची आणि माणसांची नावे सांगण्याचे कारण नाही. पहिल्या घरातला कर्ता माणूस रात्रीच्या लाइटला मोटार चालू करायला विहिरीवर गेला आणि स्टार्टरच्या पेटीचा शॉक लागून गेला. दुसऱ्या घरातला शेततळ्याच्या प्लास्टिकवरून पाय घसरून बुडाला. दोघांचीही मुले शाळेत जाणारी, दोघांनाही जिरायत जमीन.

पहिल्या घरी पोलीस पाटलांनी लगेच ठाण्यात वर्दी दिली. अकस्मात मृत्यूची नोंद झाली. जागेचा पंचनामा झाला, मरणोत्तर पंचनामा झाला, सरकारी दवाखान्यात शवविच्छेदन झाले. पुतण्या जरा शिकलेला होता. त्याने ठाणे अंमलदाराला नोंदीचा नंबर विचारून खिशातल्या डायरीत लिहून घेतला. पुढे महिन्याच्या आत प्रकरण दाखल झाले.

दुसऱ्या घरी माणसे म्हणाली, "आता माणूसच गेला, चिरफाड करून काय मिळवायचंय?" दिवस मावळायच्या आत अंत्यविधी उरकला. त्यांच्या दुःखाला नावे ठेवण्याचा कुणाला अधिकार नाही. पण तीन आठवड्यांनी कुणीतरी अनुदानाचे सांगितले तेव्हा मृत्यू दाखला सोडून हातात काहीच नव्हते. पंचनामा मागाहून होत नाही आणि ठाण्याचे दप्तर मागच्या तारखेने लिहिता येत नाही. ते प्रकरण पुढे सरकलेच नाही.

गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना एप्रिल २०२३ च्या शासन निर्णयाने सुरू झाली. त्याआधी याच नावाने विमा योजना होती. अपघाती मृत्यू झाल्यास किंवा दोन डोळे अथवा दोन अवयव कायमचे निकामी झाल्यास दोन लाख रुपये, आणि एक डोळा किंवा एक अवयव गेल्यास एक लाख रुपये मिळतात. वय १० ते ७५ वर्षे असावे लागते. खातेदार शेतकरी आणि त्याच्या घरातील एक सदस्य यांना लाभ आहे. अर्ज अपघातापासून ३० दिवसांच्या आत तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे द्यायचा असतो. सातबारा, मृत्यू दाखला, वारसाची नोंद, वयाचा पुरावा हे कागद तलाठी आणि ग्रामपंचायतीकडून मिळतात. राहिलेले कागद मात्र ठाण्यातून आणायचे असतात. अपघाताच्या प्रकाराप्रमाणे प्रथम खबर, घटनास्थळाचा पंचनामा, मरणोत्तर पंचनामा, शवविच्छेदन अहवाल यांतले काही ना काही लागतेच. तीस दिवसांत तेरावाही येतो आणि पावसापाण्याचे दिवसही येतात. म्हणून कागदाची सुरुवात पहिल्याच दिवशी झाली पाहिजे.

ठाण्यात काय काय मिळते

आपल्याकडे "केस केली" हा एकच शब्द सगळ्याला वापरतात. ठाण्यात मात्र निरनिराळी रजिस्टरे असतात, आणि कोणत्या रजिस्टरात नोंद आहे हे माहीत नसेल तर कागद शोधणारा हवालदारही हैराण होतो.

चोरी, मारहाण, फसवणूक असा दखलपात्र गुन्हा असेल तर प्रथम खबर, म्हणजे एफआयआर, नोंदवली जाते आणि तिला गुन्हा रजिस्टर नंबर पडतो. कागदावर तो गु.र.नं. असा लिहितात. १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. तिच्या कलम १७३ प्रमाणे प्रथम खबरेची प्रत फिर्यादीला किंवा ज्याचे नुकसान झाले त्याला लगेच आणि फुकट द्यायची आहे. प्रत घेतल्याशिवाय ठाण्यातून उठू नका. घरी येऊन वाचून बघा, मोटारीचा मेक, हॉर्सपॉवर, मेंढरांची संख्या, तारीख, वेळ बरोबर आहे ना ते पाहा.

याच कलमात आपल्या भागाच्या उपयोगाची आणखी एक गोष्ट आहे. गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असो, कोणत्याही ठाण्याने खबर नोंदवून घ्यायची आहे. पोलीस तिला झिरो एफआयआर म्हणतात. आपले मेंढपाळ वाडा घेऊन पश्चिमेला, घाटाखाली जातात. सोन्या-चांदीच्या गलाईच्या धंद्यात आपली पोरे परराज्यात आहेत. वाटेत मेंढरे चोरीला गेली किंवा कुणी लुबाडले तर "तुमच्या हद्दीत जा" हे उत्तर आता चालत नाही. फोनवरून किंवा संगणकावरून खबर दिली असेल तर तीन दिवसांच्या आत ठाण्यात जाऊन सही करावी लागते, एवढे लक्षात ठेवा.

शिवीगाळ किंवा किरकोळ धक्काबुक्की झाली तर बहुधा अदखलपात्र नोंद होते. लोक त्याला एन.सी. म्हणतात. यात पोलीस न्यायाधीशांच्या हुकमावाचून तपास करत नाहीत, पण नोंद तर असतेच. बांधावरच्या भांडणात पुढे मोठे प्रकरण झाले तर आधीची एन.सी. कोर्टात उपयोगी पडते. तिचाही नंबर घ्या.

तिसरे रजिस्टर अकस्मात मृत्यूचे. शॉक, सर्पदंश, वीज, बुडणे, औषध फवारताना झालेली विषबाधा, विहिरीत पडणे अशा मृत्यूंची नोंद इथे होते. यात गुन्हा नसतो, त्यामुळे गु.र.नं. सांगून शोधले तर सापडत नाही. अकस्मात मृत्यू नंबर आणि वर्ष सांगावे लागते.

चोरीच्या फिर्यादीत आणखी एक कागद असतो, त्याची आपल्याला खबरच नसते. तपास करूनही चोर सापडला नाही तर पोलीस कोर्टाला तसा अहवाल पाठवतात. महाराष्ट्रात त्याला समरी म्हणतात. 'अ' समरी म्हणजे गुन्हा खरा, पण तपास लागला नाही. 'ब' समरी म्हणजे फिर्याद जाणूनबुजून खोटी. 'क' समरी म्हणजे गैरसमजुतीने दिलेली किंवा दिवाणी स्वरूपाची बाब. ट्रॅक्टर, मोटारसायकल यांच्या विम्याच्या दाव्याला 'अ' समरीचा कागद विचारला जातो. समरी मंजूर करण्यापूर्वी फिर्यादीला नोटीस देऊन त्याचे म्हणणे ऐकावे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ सालीच सांगितले आहे. तेव्हा कोर्टाची नोटीस आली की घाबरून ती परत पाठवू नका. 'ब' किंवा 'क' समरी पटत नसेल तर हरकत घेण्याची तीच वेळ असते. तपास कुठवर आला हे फिर्यादीला ९० दिवसांत कळवण्याचे बंधनही नव्या संहितेने पोलिसांवर घातले आहे.

ठाण्याने खबर घेतलीच नाही तर? तीच हकीकत लेखी लिहून सातारच्या पोलीस अधीक्षकांना स्पीड पोस्टाने पाठवावी, पावती जपून ठेवावी. तिथेही दाद लागली नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. तिथे ही पोस्टाची पावतीच आपला पुरावा ठरते.

प्रथम खबर संगणकावर

सर्वोच्च न्यायालयाने ७ सप्टेंबर २०१६ रोजी असा आदेश दिला, की प्रथम खबर नोंदल्यापासून २४ तासांत ती पोलिसांच्या संकेतस्थळावर टाकावी. जिथे नेटवर्कची अडचण आहे तिथे ही मुदत ७२ तासांपर्यंत नेता येते. महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर जिल्हा, ठाणे आणि तारीख निवडून ती पाहता येते. लैंगिक अत्याचार, लहान मुलांवरील अत्याचार, दहशतवाद अशी नाजूक प्रकरणे तिथे टाकत नाहीत, आणि ते योग्यच आहे. आपल्याविरुद्ध कुणी फिर्याद दिली असे गावात ऐकू आले, तर चहाच्या टपरीवर चौकशी करत बसण्यापेक्षा शाळेत शिकणाऱ्या पोराला मोबाइलवर बघायला सांगा. आरोपीलाही प्रथम खबरेची प्रत अर्ज करून, फी भरून मागता येते, हेही त्याच आदेशात आहे.

दोषारोपपत्र, म्हणजे चार्जशीट, मात्र अशी सगळ्यांसाठी संगणकावर टाकली जात नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये तशी मागणी नाकारली. आरोपीला तिची प्रत कोर्टातून फुकट मिळते. फिर्यादीने कोर्टातून नक्कल घ्यावी.

कोर्टातली नक्कल

आपल्या तालुक्याचे दिवाणी व फौजदारी कोर्ट दहिवडीला आहे. मोठे सेशन खटले वडूजला चालतात. कागद कोणत्या कोर्टात आहे हे आधी ठरवा, नाहीतर एस.टी.चे भाडे फुकट जाते.

कोर्टाला आपल्या भांडणाची हकीकत सांगून उपयोग नाही, तिथे नंबर लागतो. गु.र.नं. हा पोलिसांचा नंबर. चार्जशीट दाखल झाली की कोर्ट आपला वेगळा केस नंबर देते. शिवाय प्रत्येक प्रकरणाला सोळा अक्षर-अंकांचा सी.एन.आर. नंबर असतो. ई-कोर्ट या सरकारी संकेतस्थळावर किंवा मोबाइलवरच्या त्याच नावाच्या अॅपमध्ये केस नंबरावरून, पक्षकाराच्या नावावरून, इतकेच काय गु.र.नं. टाकूनही प्रकरण शोधता येते. म्हणजे ठाण्यातला एक नंबर जवळ असेल तर कोर्टाचा नंबर सापडतो, कोर्टाच्या नंबरावरून पुढची तारीख कळते, आणि तारखेवरून नकलेचा अर्ज नीट भरता येतो. नावावरून शोधताना इंग्रजी स्पेलिंग दोन-तीन तऱ्हांनी टाकून पाहा. एकाच आडनावाचे स्पेलिंग दोन कागदांवर दोन असते.

नकलेसाठी कोर्टाच्या नक्कल विभागात छापील अर्ज मिळतो. त्यावर कोर्ट फी स्टँप लावायचा, प्रकरणाचा नंबर, वर्ष, पक्षकारांची नावे आणि कोणता कागद हवा ते लिहायचे. निकालपत्र, हुकूमनामा, रोजनामा, साक्ष, पंचनामा यांपैकी नेमके काय ते लिहा. "सगळी फाईल" असे लिहिले की पाने वाढतात आणि खर्चही. जो प्रकरणात पक्षकार आहे त्याला साध्या अर्जावर नक्कल मिळते. त्रयस्थ माणसाला नक्कल कशासाठी हवी याचे कारण प्रतिज्ञापत्रावर द्यावे लागते, आणि ती द्यायची की नाही हे न्यायाधीश ठरवतात.

नकलेवर अर्जाची तारीख आणि नक्कल तयार झाल्याची तारीख लिहिलेली असते. ही बाब क्षुल्लक नाही. तालुका कोर्टाच्या दिवाणी निकालावर जिल्हा न्यायालयात ३० दिवसांत अपील करावे लागते. १९६३ च्या मुदत कायद्याप्रमाणे नक्कल मिळण्यासाठी लागलेले दिवस या मुदतीतून वजा होतात. पण अर्जच केला नसेल तर वजा काय होणार? निकाल लागला, की त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी नकलेचा अर्ज टाकावा.

जुन्या पत्र्याच्या ट्रंकेत आजोबांच्या वेळचा हुकूमनामा ठेवून "आपण केस जिंकलोय" म्हणणारे पुष्कळ भेटतात. जमिनीचा ताबा देण्याचा हुकूमनामा असेल तर त्याची बजावणी १२ वर्षांत मागावी लागते. नुसता ट्रंकेत ठेवून ताबा मिळत नाही आणि सातबाराही बदलत नाही. तलाठ्याकडे फेरफाराला द्यायची ती हुकूमनाम्याची प्रमाणित नक्कल, झेरॉक्स नव्हे. आणि कोर्ट सगळेच कागद जन्मभर सांभाळत नाही. कागदांचे वर्ग पाडलेले असतात, काही कायम ठेवतात, काही ठराविक वर्षांनी नष्ट करतात. आपण पुराव्याला दिलेले मूळ खरेदीखत किंवा पावत्या प्रकरण संपल्यावर अर्ज देऊन परत घ्याव्यात.

जमीन विकत घेतानाही हीच सवय ठेवा. सातबारा कोरा दिसला म्हणून विसार देऊ नका. विकणाऱ्याच्या नावाने ई-कोर्टात दावा चालू आहे का ते पाहा, आणि तहसील व प्रांत कार्यालयातल्या वादांची चौकशी वेगळी करा.

माहितीचा अधिकार कुठे चालतो, कुठे नाही

माहितीच्या अधिकाराचा कायदा महाराष्ट्राने २००२ साली केला. त्यामागे अण्णा हजारे यांचे आंदोलन होते, हे सर्वांना ठाऊक आहे. देशाचा कायदा १२ ऑक्टोबर २००५ पासून लागू झाला. अर्जाला दहा रुपये, बहुधा कोर्ट फी स्टँपच्या रूपात, आणि प्रतीला पानामागे दोन रुपये. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला फी नाही. महाराष्ट्राच्या नियमाप्रमाणे अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत असावा. उत्तर ३० दिवसांत यायला हवे. नाही आले तर ३० दिवसांत पहिले अपील करता येते. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला तर त्यांनीच तो पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायचा असतो.

पोलीस खात्याला हा कायदा लागू आहे. मात्र जी माहिती दिल्याने तपासात अडथळा येईल ती ते नाकारू शकतात. "तपास चालू आहे" एवढेच कारण पुरत नाही, अडथळा कसा येतो ते दाखवावे लागते, असे दिल्ली उच्च न्यायालयाने २००७ मध्ये म्हटले आहे. कोर्टाच्या प्रकरणातले कागद मात्र या कायद्याने मागू नका. ते उच्च न्यायालयाच्या नियमांप्रमाणे नकलेच्या अर्जानेच घ्यायचे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी दिला आहे. गैरसमजाने अर्ज करून महिना वाया घालवणारे बरेच आहेत.

अर्ज लिहिताना "माझ्यावर अन्याय का केला?" असे विचारले तर उत्तर मिळत नाही, कारण तो कागद नव्हे. "अमुक तारखेच्या माझ्या तक्रार अर्जावर केलेल्या कार्यवाहीच्या नोंदीची प्रत द्यावी" असे लिहा. तो कागद ठाण्यात असतो, म्हणून मागता येतो.

अर्जाचा नमुना

आधी साध्या अर्जाने मागून पाहावे. बहुतेक काम त्यानेच होते. नमुना असा:

"प्रति, मा. प्रभारी अधिकारी, ... पोलीस ठाणे. विषय: अकस्मात मृत्यू क्र. ... / सन ... मधील कागदांच्या प्रती मिळणेबाबत. महोदय, माझे वडील (नाव) हे दि. ... रोजी मौजे ... येथे ... या कारणाने मयत झाले. त्याबाबत आपल्या ठाण्यात वरील क्रमांकाची नोंद आहे. शेतकरी अपघात अनुदानाच्या प्रकरणासाठी घटनास्थळ पंचनामा, मरणोत्तर पंचनामा व शवविच्छेदन अहवाल यांच्या प्रमाणित प्रती मिळाव्यात, ही विनंती. लागणारी फी भरण्यास मी तयार आहे. सोबत ओळखपत्र व नात्याचा पुरावा जोडला आहे."

अर्ज दोन प्रतींत करावा. एक द्यावा, दुसऱ्यावर शिक्का, सही, तारीख आणि आवक नंबर घ्यावा. पोहोच नसलेला अर्ज हा अर्जच नव्हे.

वकिलाची फी परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जावे. स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर मदत मिळते. त्यासाठी १५१०० हा फोन नंबर देशभर आहे.

एवढे तरी करा

घरात सातबारा आणि सोसायटीच्या पावत्या ठेवायची पिशवी असतेच. त्या पिशवीत एक वही ठेवा. काहीही घडले आणि ठाण्यात किंवा कोर्टात जावे लागले, की पाच गोष्टी त्याच दिवशी लिहा: ठाण्याचे किंवा कोर्टाचे नाव, नोंदीचा प्रकार, नंबर आणि वर्ष, तारीख, आणि ज्याच्याकडे कागद दिला त्याचा हुद्दा. वही घरातल्या बाईमाणसालाही दाखवून ठेवा. कर्ता माणूस अचानक गेला तर कागद मागायला तिलाच जावे लागते, आणि नंबर माहीत नसेल तर तिला चार खेटे जास्त घालावे लागतात.

पोलीस पाटील, सरपंच आणि ग्रामसेवक मंडळींना विनंती, की अपघाती मृत्यूच्या घरी सांत्वनाला जाल तेव्हा अंत्यविधीच्या आधी ठाण्यात वर्दी गेली आहे की नाही, एवढे शांतपणे विचारा. त्या वेळी घरच्यांना ते सुचत नाही. ज्याला सुचते त्याने सांगायचे असते.